दोनदा नको

गंगाधररावांनी आयुष्यात एकच नोकरी केली, आणि तीही मामांनी साहेबांच्या कानावर घातलं म्हणून लागली. साताऱ्याच्या कचेरीत पहिल्या दिवशी ज्या खुर्चीत बसले, तिच्यातूनच शेवटी हार घालून घेऊन उठले. मधल्या काळात बदलला तो खुर्चीचा वेत. आता नोकरी कशी मिळवावी हे अशा माणसानं नाही शिकवायचं, तर कुणी?

निवृत्त झाल्यावर ते मुलाकडे, मुकुलकडे, सांगलीला विश्रामबागेत राहायला आले आणि महिन्याभरात कंटाळले. कचेरीत "रावसाहेब, जरा बघता का" म्हणणारी माणसं होती. इथं रेडिओचं बटणसुद्धा त्यांना विचारून कुणी फिरवेना. ते नव्वदच्या दशकातले दिवस. 'करिअर' हा शब्द नुकताच पेपरातून घराघरात शिरत होता. गंगाधररावांना तो फार आवडला. त्यांनी फाटकावर पाटी ठोकली: 'परगावाहून नव्याने आलेल्यांसाठी करिअर मार्गदर्शन. विनामूल्य.'

दुसऱ्याच दिवशी एक बाई बेदाण्याचा डबा घेऊन हजर झाली. "पुण्याला लेकीकडं धाडायचाय. उद्याच्याला पोचंल न्हवं?"

गंगाधररावांनी तिला करिअर आणि कुरिअर यांतला फरक सविस्तर समजावून सांगितला. बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग परवा तरी पोचंल का?"

शकुंतलाबाई, त्यांच्या पत्नी, आत तोंडाला पदर लावून हसत होत्या. "अहो, तुम्हाला अजून मंडईचा रस्ता विचारावा लागतो," त्या म्हणाल्या, "आणि नव्या माणसांना वाट दाखवणार तुम्ही?"

"त्याला अनुभव लागतो, शकुंतला."

"तो कधी आणलात? मला दाखवला नाहीत तो!"

शेवटी एक शिष्य मिळाला. बिराप्पा त्याचं नाव. अथणीच्या पलीकडच्या एका खेड्यातून बायकोला घेऊन आलेला, तिशीचा, दणकट गडी. गावाकडं विहिरी आटल्या होत्या आणि बायको पोटुशी होती. एका नातेवाइकाच्या पत्र्याच्या शेडात दोघं उतरली होती आणि तो नातेवाईक आता रोज भांडी आपटून आपलं मत सांगत होता. बाळंतपणाच्या आत डोक्यावर छप्पर आणि हाताला काम हवं, एवढंच बिराप्पाचं म्हणणं. तो काही पाटी वाचून आला नव्हता. फाटकापाशी सावली होती म्हणून टेकला होता. गंगाधररावांनी त्याला हाताला धरून आत आणला.

बिराप्पाला काम हवं होतं, त्याला व्यक्तिमत्त्व मिळायला लागलं. रोज दहाला वर्ग. "हाय नाही, आहे." "न्हाई नाही, नाही." बिचारा 'नाही नाही नाही' म्हणत घाम पुसायचा. कन्नड मुलखातली जीभ ती, आधीच मराठीला ठेचकाळणारी. तिला गंगाधरराव साताऱ्याच्या पेठेतली मराठी घालायला बघत होते. शकुंतलाबाई चहा आणून ठेवायच्या, आणि त्या चहावरूनच गंगाधररावांना सगळ्यात मोठा धडा सुचला.

"चहा घेणार का, असं विचारल्यावर लगेच हो म्हणालास! हावरेपणा दिसतो रे. आमच्या साताऱ्यात पहिल्यांदा नको म्हणतात. दुसऱ्यांदा म्हणायचं, कशाला उगाच त्रास. तिसऱ्यांदा आग्रह झाला की घ्यायचं. कुणी काहीही देऊ केलं तरी हाच नियम."

"नको म्हंजे, ब्याड म्हणायचं री?" बिराप्पानं आपल्या भाषेत पडताळून पाहिलं.

"हो. पण मनातून घ्यायचं असतं."

"मनात पायजे, तोंडात ब्याड," बिराप्पानं घोकून ठेवलं. सोन्यासारखा विद्यार्थी, सांगेल ते करणारा! तिथंच घात झाला.

कामाची बातमी मात्र आणली शकुंतलाबाईंनी. वर्षाची हळद घ्यायला मार्केट यार्डात गेल्या होत्या, तिथं कळलं. सयाजीराव म्हणून कडेगावचे अडते होते. त्यांना गोदामावर माणूस पाहिजे होता. पोती लावायची, राखण करायची, आणि राहायला गोदामामागं पक्की खोली. बिराप्पासाठीच मापून शिवल्यासारखं काम. गंगाधररावांनी त्याला मुकुलचा जुना शर्ट घालून, भांग पाडून पाठवलं.

दुपारी बिराप्पा परतला तो छाती पुढं काढूनच. "मालक म्हणाले, उद्यापासनं येतोस का? मी म्हणालो, नको."

गंगाधररावांच्या हातातला अडकित्ता थांबला. "मग?"

"मग ते म्हणाले, बरं. मी थांबलो की तितंच. लय येळ थांबलो. त्यांनी दुसऱ्यांदा इच्यारलंच न्हाई." मग गंगाधररावांचं तोंड बघून त्याचा आवाज खाली आला. "काय चुकलं री, रावसाब?"

शकुंतलाबाई बाहेर आल्या त्या लाटणं घेऊनच. "काय चुकलं? अहो, पोरीचे दिवस भरत आलेत! आता तुमचा शिष्टाचार अंथरून त्यावर निजायचं का तिनं? उठा. चप्पल घाला. नि जा त्या माणसाकडं!"

गंगाधररावांनी जन्मात कुणाकडं काही मागितलं नव्हतं. मागायचं काम मामांनी केलं होतं. यार्डापर्यंत रिक्षात ते घोकत गेले आणि पोचेपर्यंत सगळं विसरले. बिराप्पा शेजारी गुडघे जोडून बसला होता. त्यांना त्याच्याकडं बघायची लाज वाटत होती.

सयाजीराव काट्यापाशी उभे होते. भुवयांपर्यंत हळदीनं पिवळे. "या या. चा सांगू?"

"नको, आत्ताच झाला," गंगाधरराव म्हणाले. सकाळपासून घोटभर पोटात नव्हता.

"बरं," सयाजीराव म्हणाले आणि आपल्यापुरता एक मागवून भुरके मारत प्यायला लागले. गंगाधरराव त्या कपाकडं बघत राहिले. मग त्यांनी एका दमात सगळं सांगून टाकलं: पाटी, वर्ग, दोनदा नको, तिसऱ्यांदा हो.

सयाजीराव एवढे हसले की चहा धोतरावर सांडला. "आयला! मी म्हणलं, गडी माजलाय का खुळा हाय! नको म्हणतोय, आन् दारातनं हलतबी न्हाई! आवं, आमच्याकडं भूक लागली की जेवत्यात. उद्या त्या जागी जतचा गडी यायचाय माझा."

"त्याला नका ठेवू," गंगाधररावांच्या तोंडून निघून गेलं. "ह्याला ठेवा. माझ्यामुळं झालं हो सगळं."

सयाजीरावांनी बिराप्पाच्या दंडांकडं पाहिलं. "ठेवतो. पर एक आट हाय. तुमच्या वर्गाला ह्यानं परत यायचं न्हाई. मला पोती लावाय माणूस पायजे, पावणा न्हाई. कबूल?"

गंगाधररावांना गलबलून आलं. एवढ्या मोठ्या सांगलीत दहाच्या ठोक्याला त्यांची वाट बघणारा हा एकच माणूस होता. 'तसं नव्हे, पण महिन्यातनं एखाद्या रविवारी,' असं काहीतरी जिभेच्या टोकावर आलं. सयाजीराव तोवर काट्याकडं वळायला लागले होते. हा माणूस दुसऱ्यांदा विचारणार नव्हता.

"कबूल!" गंगाधरराव ओरडले. हमाल माना वळवून बघायला लागले.

बिराप्पा त्यांच्या पाया पडायला वाकला, तर सयाजीरावांनी त्याला दंडाला धरून उठवला आणि पोत्यांच्या थप्पीकडं पिटाळला. गंगाधरराव चालतच घरी आले.

"लागला," त्यांनी दारातूनच सांगितलं. "खोलीसकट. संध्याकाळी तो बायकोलाही घेऊन जातोय तिथं."

"देव पावला," शकुंतलाबाई म्हणाल्या. मग सवयीनं विचारून गेल्या, "उद्या दहाचा चहा तिघांचाच ना?"

"दोघांचा."

शकुंतलाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. टोमणा तयार होता, पण त्या दिवशी त्यांनी तो मारला नाही.