पोटावरून गेलेली टेप

हॉस्पिटलात तिला सगळे गणितवाली म्हणायचे. मागच्या इमारतीत, जिन्याखालच्या खोलीत ती बसायची. हृदयाचा ठोका पडला की धमनीतून नाडीची लाट धावते. धमनीची भिंत मऊ असेल तर बेताने, ताठ असेल तर सुसाट. ही धाव समीकरणांत बसवायची आणि पलंगावर झोपवलेल्या माणसांच्या मोजमापांशी ताडून बघायची, हे तिचं काम. बारीक माणसांचं चोख जुळायचं. जाड्यांचं काही केल्या जुळेना. मोजलेला वेग तिच्या उत्तराच्या कायम पुढे. मग ती समीकरणातली भिंत आणखी ताठ करायची, चरबीसाठी एखादं पद वाढवायची. गणित कसलं, ठिगळांचं पांघरूण झालं होतं.

त्यात भावजी अडकले. धाकटा दीर, बस चालवणारा, आडव्या अंगाचा गडी. बसच्या ऑफिसने ड्रायव्हरांची तपासणी याच हॉस्पिटलात करवली. लाटेचा वेग मर्यादेबाहेर, धमन्या ताठ, गाडी चालवणं बंद. खाली तिच्याच विभागाचा शिक्का.

भावजी दिवसभर घरात, आणि येताजाता टोमणे.

"वहिनी, माझी बस तुमच्या आकड्याखाली आली."

"मी नाही मोजलं तुम्हाला."

"गणित तर तुमचंच ना? शाळेतला मास्तर नापास करायचा, पण निदान पेपर बघून."

ती भांडी आपटायची. नवरा मध्ये पडला तर आधी त्याचंच तोंड बंद व्हायचं. टोमणा झोंबायचा, कारण तो खरा होता. मोजायच्या खोलीत ती कधी फिरकलीच नव्हती. समीकरणं मांडणाऱ्याने पलंगापाशी जायचं नसतं, असा विभागाचा तोरा होता, आणि तिचाही. शेवटी संतापाच्या भरातच ती तिकडे गेली.

पलंगावर एक लठ्ठ बाई होती. नर्सने तिच्या मानेवर आणि जांघेत यंत्राची टोकं धरली, लाटेला लागलेला वेळ पडद्यावर उमटला. मग अंतरासाठी नर्सने कापडी टेप काढली आणि मानेपासून जांघेपर्यंत लावली. थेट पोटावरून, टेकडी चढून उतरावी तशी.

"नेहमी अशीच घेता?"

"मग काय पोट काढून ठेवू?"

"पोटाला न टेकवता सरळ धरायची हो."

"तसं कुठं सांगितलंय? सूचना तुमच्याच खोलीतून आल्यात. मानेपासून जांघेपर्यंत टेप लावा. लावली."

लाट काही पोटाचा चढ चढून जात नाही. अंतर फुगलं, म्हणून वेग फुगला. आणि टेपचं पाप झाकायला ती बिचाऱ्या धमन्या ताठ करत बसली होती.

विभागप्रमुख आधी उडवून लावायला निघाले. "म्हणजे जाड्यांची सगळी मापं कचऱ्यात?"

"कचऱ्यातच. नाहीतर माणसं घरी बसतील, आणि कचरा तुमच्या कपाटात राहील."

तिने पिच्छा सोडला नाही. टेपऐवजी शरीराला न टेकवता लांबीने धरायची सरळ पट्टी आली. ड्रायव्हरांना परत बोलावलं. बऱ्याच जणांना गाडी परत मिळाली. भावजी यायला तयार नव्हते, नवऱ्याने ओढून आणले. घरचा माणूस म्हणून तिने पट्टीला हात लावला नाही. नर्सने मोजलं, ती नुसती उभी राहिली.

वेग खाली आला. चांगला खाली आला. पण मर्यादेच्या वरच, अगदी केसभर.

"वहिनी," भावजी पडल्या पडल्या हळूच म्हणाले, "पट्टी जरा आखडून धरायला सांगा ना. केसभरच तर आहे."

नर्सने तिच्याकडे पाहिलं. पट्टी नर्सच्या हातातच होती अजून.

"नको," ती म्हणाली. "पुन्हा मोजा. आहे तसंच."

पुन्हा तेच आलं.

"खरंच ताठ आहेत, भावजी. सांगितलं होतं तेवढ्या नाहीत. पण आहेत. औषध सुरू करा, मग पुन्हा मोजू."

भावजी उठून बसले. शर्टाची बटणं लावत म्हणाले, "एवढा उपद्व्याप करून घरीच बसवायचं होतं, तर आधीचं काय वाईट होतं?"

तिला राग आला, पण कुणावर काढावा ते कळेना. भावजी चपला शोधत दाराकडे गेले. बाहेर आणखी एक पोटवाला ड्रायव्हर बाकावर ताटकळत होता.

"या," ती त्याच्यावरच खेकसली. "आत या, झोपा."