दारं उघडली आणि रंगाचं भांडण मिटलं

खराडीत नवा फ्लॅट घेणाऱ्यांनो, खोल्यांच्या रंगावरून चाललेल्या भांडणाला तुम्हीही विटलात ना?

आज रंगाऱ्याने आमच्या चार खोल्यांच्या भिंतींवर नमुन्याचे पट्टे मारले: मुलीचा जांभळा, बायकोचा पिस्ता, माझा विटकरी. खडकीहून कायमची राहायला येणारी आई म्हणाली, "हे घर आहे की गणपतीचा मांडव? मी तिकडेच बरी."

मी तावातावाने सगळी दारं उघडली आणि सगळ्यांना उंबऱ्यात उभं केलं. चारही खोल्या एकदम दिसल्या.

मुलगी म्हणाली, "बाबा, खरंच मांडव झालाय!"

मग ठरलं, घरभर मोतिया आणि प्रत्येक खोलीत एकच भिंत फिकी पिस्ता.

आईने विचारलं, "माझं कपाट कुठे ठेवायचं?" हुश्श!

रंग ठरवण्याआधी सगळी दारं उघडून एकदा उंबऱ्यात उभे राहा!