चारला पाच ठोके

शेतात माझ्या सासऱ्यांचा, किशनरावांचा, हात धरणारं पिंगळीत कुणी नव्हतं. पण घरातल्या एखाद्या वस्तूला त्यांनी हात लावला की आम्ही हातातलं काम टाकून ती वाचवायला धावायचो.

शहाऐंशी साली आत्याबाईंचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे, वडील वारले. माहेरहून त्यांनी सोनंनाणं काही घेतलं नाही, फक्त भिंतीवरचं निजामाच्या काळातलं घड्याळ मागून घेतलं. सोनपेठहून एसटीत मांडीवर धरून आणलं. वेळ बरोबर दाखवायचं, ठोका मात्र एक जास्त द्यायचं. महिन्याभराने मामांना, म्हणजे सासऱ्यांना, त्यात कुरकुर ऐकू आली. त्यांनी घाण्यावरचं ताजं करडईचं तेल चाकांवर सढळ हाताने ओतलं. चार दिवस घड्याळ जोरात चाललं, मग तेलाचा चिकटा झाला आणि ते बंद पडलं. आत्याबाई भांडल्या असत्या तर परवडलं असतं. त्या बोलेनाशाच झाल्या.

मामांना ते सोसेना. परभणीच्या एका घड्याळवाल्याकडे दर शनिवारी जाऊन बसू लागले. आधी कमान, ती आतली गुंडाळलेली स्प्रिंग, सैल करायची, मगच चाकं काढायची, हे बोट कापून घेतल्यावर शिकले. घरी धोतर अंथरून चाकं ओळीने मांडायची, रॉकेलात भिजवायची, कोंबडीच्या पिसाने साफ करायची. चार महिने आमच्या भाकरीलासुद्धा रॉकेलचा वास येत होता.

शेवटी घड्याळ भिंतीवर चढलं. चार वाजता मोजून चार ठोके पडले.

"बघा, ठोका चुकायलता, तेबी नीट केलं!" मामा म्हणाले.

वडिलांच्या आठवणीने आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "चारला पाच पडले की अण्णा म्हनायचे, 'पारू, चहा ठिव, घड्याळाला घाई झाली.' आता ही घडी अण्णाची न्हाई राहिली."

मामांचा चेहरा पार उतरला. मला त्यांची इतकी दया कधी आली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी घड्याळ उतरवलं आणि दुपारपर्यंत त्याच्याशी झटत बसले.

चार वाजले. पाच ठोके पडले. आणि जन्मभर बायकोला "ऐकलं का" याच्या पुढे हाक न मारलेले मामा चुलीपासून ओरडले, "पारू, चहा ठिवलाय. घड्याळाला घाई झाली."

साखर त्यांनी दुप्पट घातली होती. आत्याबाईंनी तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.