निर्मळच्या घराचा सर्च

विनया परुळेकर दुसऱ्यांच्या घरांचे जुने मालक शोधून काढायची. वसईतले वकील या कामाला ‘सर्च’ म्हणतात. घर विकायचं किंवा पाडून नवं बांधायचं ठरलं की आधी मागच्या मालकांची साखळी लागते, आणि त्यातली एक जरी कडी निसटली तरी सगळं अडतं. बावीस वर्षं ती हेच करत होती. आधी रजिस्ट्रार ऑफिसातली जुनी पुस्तकं, मग तलाठ्याकडचे फेरफार, आणि शेवटी स्वतः जाऊन घर बघणं. शेवटचं काम दुसरं कोणी करत नसे.

"तुला कागदाचं काम सांगितलंय, तू भिंती कशाला बघत फिरतेस?" मनवेलपाड्यातल्या त्यांच्या छोट्या स्वयंपाकघरात जयवंत, तिचा नवरा, दर वेळी विचारायचा.

"कागदावर विहीर असते आणि जागेवर गाड्या लावलेल्या असतात. एकदा तोंडावर आपटलेय मी."

निर्मळचं काम तिच्याकडे अनुजने आणलं. तिशी ओलांडलेला, अंधेरीत नोकरी, बोलणं भराभर. त्याचे वडील आत्माराम दोन वर्षांपूर्वी गेले होते. देवळाच्या तळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर त्यांचं जुनं कौलारू घर होतं आणि तिथे अनुज आई प्रेमलताबरोबर राहत होता. चर्चजवळ आणखी एक जागा आत्मारामच्या नावावर होती.

"चर्चजवळची विकायची, विरारचा बिल्डर तयार आहे. मग हे जुनं पाडून बंगला बांधायचा. दोन्हींचा सर्च करा, मॅडम. गुरुवारी रजिस्ट्रेशन आहे."

"चर्चजवळच्या जागेवर काय आहे?"

"एक घर आहे. बॅप्टिस्ट म्हणून म्हातारा राहतो. बाबांनी राहायला दिली होती जागा. ते बिल्डर बघून घेणार."

चर्चजवळची जागा एका सकाळीच उलगडली. आत्मारामचे आजोबा, वडील, मग आत्माराम, आणि आता वारस म्हणून प्रेमलता आणि अनुज. स्वच्छ. तळ्याकडच्या घराला मात्र दोन दिवस लागले. ते १९३१ मध्ये मुंबईच्या एका पेढीवाल्याने बांधलं होतं, आजारी बायकोला हवापालट म्हणून. बायको दोन पावसाळे काढून गेली. मग ते एका मिठागरवाल्याने घेतलं. त्याने राहायच्या खोल्यांत गोणपाटं भरली. १९५८ मध्ये त्याच्याकडून ते पास्कू नावाच्या बागायतदाराने विकत घेतलं. पास्कूनंतर नोंद त्याच्या मुलाची, बॅप्टिस्टची.

पुढचं पान विनयाने तीनदा उलटून पाहिलं. पुढे काही नव्हतं. ज्या घरात अनुज जन्मला, ते आजही बॅप्टिस्टच्या नावावर होतं.

तिने अनुजला फोन केला.

"शक्यच नाही. घरपट्टी बाबांच्या नावाने येते. पन्नास वर्षांच्या पावत्या आहेत."

"घरपट्टी म्हणजे मालकी नव्हे. जो राहतो त्याच्या नावाने बिल लावतात."

त्याने आवाज खाली आणला. मग म्हणाला, "आईला काही बोलू नका."

मंगळवारी दुपारी ती निर्मळला गेली. केळीच्या वाडीतून पायवाट थेट अंगणात उतरत होती. अंगणात एक दगडी क्रूस होता, चुना लावलेला, आणि त्यावर अबोलीचा ताजा गजरा. प्रेमलता ओसरीवर वाल सोलत बसली होती. सत्तरीची, बारीक, हात थांबत नव्हते.

"काकू, क्रूसाला गजरा तुम्ही घालता?"

"मग कोण घालणार? बॅप्टिस्टभाऊंच्या रिटावहिनींना शब्द दिलाय. त्या आमच्या वेताळाला नारळ देतात, मी क्रूसाला फुलं. आमचा देव त्यांच्या परसात राहिला ना."

"राहिला म्हणजे?"

प्रेमलताने सूप बाजूला ठेवलं. तिला कोणी हे विचारलं याचा आनंद झालेला दिसत होता. "मी लग्न होऊन आले, त्याच वर्षी. चौऱ्याहत्तर साल. बॅप्टिस्टभाऊंच्या आईचे पाय थकले होते, तिला चर्च जवळ हवं होतं. माझ्या सासूला देऊळ. दोघी एकदा भाजीच्या टोपल्या घेऊन बोलत बसल्या आणि ठरवलं, तू माझ्याकडे ये, मी तुझ्याकडे. एका रविवारी दोन्ही घरांनी सामान उचललं. आमचं जातं त्यांच्या बैलगाडीत आणि त्यांचा पलंग आमच्या माणसांच्या डोक्यावर."

"कागद?"

"कागद कशाला? सगळा गाव बघत होता." मग हसली. "त्यांच्या पलंगाचा एक पाय आमच्याच माणसांनी मोडला. अजून ऐकवतात."

विनयाने चहा अर्धा ठेवला. आत्मारामच्या कागदावरच्या जमिनीवर बॅप्टिस्ट राहत होता, बॅप्टिस्टच्या कागदावरच्या घरात प्रेमलता. अनुजने पहिलं विकलं की दुसरं मागायला बॅप्टिस्टच्या घरचे येणारच. आणि या बाईला गुरुवारी कशावर सही करायची आहे, हेच माहीत नव्हतं.

"तुम्ही गुरुवारी वसईला येताय ना?" तिने विचारलं.

"हो. घराच्या नकाशासाठी माझी सही लागते म्हणे. अनुजने नवी साडी काढून ठेवायला सांगितलंय, फोटो काढतात."

बुधवारी संध्याकाळी अनुज मनवेलपाड्यात आला. चप्पल न काढता दारात उभा राहिला.

"फक्त चर्चजवळच्या जागेचा रिपोर्ट द्या. तो स्वच्छ आहे ना? खोटं काही लिहायला सांगत नाही मी."

"आणि तुमचं घर?"

"त्यांना माहीत नाही ते त्यांच्या नावावर आहे. कळेपर्यंत बघू."

"कळेल. बिल्डरची माणसं दारात आली की त्यांचा नातू मर्विन पहिला सातबारा काढेल. तुमची आई कुठे जाईल?"

"माझी आई आहे ती. तुम्ही सर्चवाल्या आहात."

तो गेल्यावर जयवंत भाकरीकडे बघत म्हणाला, "बरोबर बोलला तो. तुला विचारलं तेवढं सांग. उद्या वकिलांमध्ये नाव गेलं की बावीस वर्षं गेली." विनयाने तव्यावरची भाकरी उलटली. करपली होती. तिने तीच त्याच्या ताटात वाढली.

रात्री तिने दोन्ही रिपोर्ट लिहिले.

गुरुवारी रजिस्ट्रार ऑफिसात बाकावर जागा नव्हती. प्रेमलता भिंतीला टेकून उभी होती, जांभळी साडी, हातात कापडी पिशवी. बिल्डरचा माणूस फोनवर होता. अनुज कागद घेऊन आईजवळ आला.

"इथे, इथे आणि मागे. पटकन. पुढचा नंबर आपला."

प्रेमलताने पेन घेतलं. तेवढ्यात तिला विनया दिसली आणि तिचा चेहरा सैल झाला.

"बरं झालं तुम्ही आलात. मला ही बारीक अक्षरं दिसत नाहीत. तुम्ही वाचलंय ना? घराचंच आहे ना हे?"

अनुजने विनयाकडे पाहिलं. बिल्डरच्या माणसाने फोन खाली घेतला.

"नाही, काकू," विनया म्हणाली. "चर्चजवळची जागा विकल्याचा कागद आहे. बॅप्टिस्टभाऊंच्या घराखालची."

नंबर पुकारला गेला. कोणी हललं नाही. दुसऱ्यांदा पुकारला.

"आई, ती आपली आहे. कागद आपला आहे."

"आणि आपण राहतो ते?"

विनयाने पिशवीतून दुसरा रिपोर्ट काढून प्रेमलताच्या हातात दिला आणि शेवटच्या नावावर बोट ठेवलं. प्रेमलताने ते डोळ्यांजवळ धरून अक्षर अक्षर लावून वाचलं. मग पेनचं टोपण लावलं.

"तुला हे माहीत होतं?" तिने मुलाला विचारलं.

"परवा कळलं."

"आणि साडी काढायला लावलीस."

ती घरी गेली नाही. रिक्षा करून विनयाला घेऊन थेट बॅप्टिस्टकडे गेली. रिटा मासे साफ करत होती, मर्विन ओट्यावर लॅपटॉप घेऊन. प्रेमलताने दोन्ही रिपोर्ट त्याच्यासमोर ठेवले आणि सगळं सांगितलं, अनुजचंही. काही लपवलं नाही. मर्विनने वाचलं, पुन्हा वाचलं.

"म्हणजे काकी, अनुज आम्हाला रस्त्यावर काढणार होता."

"हो."

"आणि तुमचं घर आमचं आहे."

"कागदावर. आता तू काय करतोस, ते तू ठरव."

आतल्या खोलीतून बॅप्टिस्टचा खोकला ऐकू आला. रिटाचे हात थांबले होते. मर्विन म्हणाला, "मला वेळ द्या."

चार दिवस निर्मळहून काही आलं नाही. प्रेमलताने पाचव्या दिवशी विनयाला फोन केला आणि फक्त एवढंच म्हणाली की क्रूसाला गजरा घातला, पण घालताना वाटेकडे लक्ष होतं. अनुज आईशी बोलत नव्हता. विनयाला काम देणाऱ्या एका वकिलाने पुढचं काम दुसऱ्याला दिलं होतं.

सहाव्या दिवशी मर्विन मनवेलपाड्यात आला. त्याने अदलाबदलीचा दस्त करायची तयारी दाखवली. अट एकच.

"अनुज आधी सही करणार. आमच्या आजोबांच्या आधी. माझा त्याच्यावर विश्वास नाही, आणि हे मी त्याच्यासमोरही बोलेन."

बोललाही. पुढच्या सोमवारी, त्याच ऑफिसात, सगळ्यांदेखत. अनुजचा कान लाल झाला. त्याने आईकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. मग त्याने प्रत्येक पानावर सही केली, पेन इतकं दाबून की मागच्या पानावर खुणा उमटल्या. प्रेमलताने केली. मग बॅप्टिस्टला खुर्चीवर बसवून मशीनसमोर आणलं.

अंगठा उमटेना. पुन्हा ठेवला. उमटेना. ब्याऐंशी वर्षांत केळी तोडून आणि विहिरीचा दोर ओढून बोटांवरच्या रेघा गुळगुळीत झाल्या होत्या. कारकून म्हणाला, "आज नाही होणार, डॉक्टरचा दाखला आणा." मर्विन अनुजकडे पाहत होता. अनुजची सही झालेली पानं टेबलावर होती आणि त्याचा हात त्यांच्या अगदी जवळ होता.

"थांबा," प्रेमलता म्हणाली. तिने पदराचं टोक बाटलीतल्या पाण्याने ओलं केलं आणि बॅप्टिस्टचा हात हातात घेऊन एकेक बोट पुसलं. तर्जनी. नाही. मधलं बोट. नाही.

"एवढं घासू नकोस," बॅप्टिस्ट म्हणाला. "पलंगाचा पाय मोडलात, आता हात मोडता."

करंगळीशेजारचं बोट तिने मशीनवर ठेवलं आणि वरून आपलं बोट दाबून धरलं.

"हात काढा, बाई, तुमचं बोट नको," कारकून म्हणाला.

तिने काढलं. स्क्रीनवर रेघा उमटल्या. कारकुनाने मान डोलावली आणि छपाईचं बटण दाबलं. अनुजने पानं सारखी करून मर्विनपुढे सरकवली.