बाबांच्या मशीनला किती बॅटऱ्या लागतात
बाबांना नांदेडच्या दवाखान्यातून मुखेडला घरी आणलं, ते ऑक्सिजनच्या मशीनसकट. एसटीत कंडक्टर म्हणून उभी हयात फिरलेला माणूस. आता नाकात नळी आणि नळी पुरेल तेवढंच जग. निघताना डॉक्टरांनी विचारलं, "तुमच्याकडं लाईट किती वेळ जाते?"

"जाते अधूनमधून," मी म्हणाले. त्यांनी कागदावर 'इन्व्हर्टर' लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. भीती तिथून सुरू झाली.

दुष्काळाचं वर्ष होतं. बोअर आटत चालले होते, लाईट आली की गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू व्हायच्या आणि डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, ताण यायचा. शाळेत शिकवून झाल्यावर मी तशीच बॅटरीच्या दुकानात गेले. तिथं चौघंजण नवा जिल्हा होणार का, झाला तर मुखेड कुठं जाणार, यावर हमरीतुमरीवर आले होते. दुकानदाराचं अर्धं लक्ष तिकडं.

"फ्यान किती, बल्ब किती?"

मी मशीनचं सांगितलं.

"एक बॅटरी बस झाली, म्याडम. पाच तास बघायचं काम न्हाई."

मला तेच ऐकायचं होतं. पुढं काही विचारलं नाही, एक बॅटरी आणि इन्व्हर्टर घेऊन आले.

पंधरा दिवसांनी, रविवारी भर दुपारी डीपीवर मोठा आवाज झाला आणि लाईट गेली. मशीन बॅटरीवर चालू राहिलं. आई म्हणाली, "बघ, कळलंबी न्हाई." मी पंखासुद्धा बंद केला. जेमतेम अडीच तास झाले आणि इन्व्हर्टर कुंईकुंई करायला लागला. मग मशीन थांबलं. त्याच्या घरघरीनं आम्हाला झोप लागत नसे. ती थांबल्यावर बाबांचा श्वास ऐकू यायला लागला, तुटक, ओढून घेतलेला. ओठ काळेनिळे पडत होते. तशातही ते हातानं मला खुणावत होते, काय न्हाई, काय न्हाई.

मी अनवाणी शेजारच्या काकांकडे धावले. ते वीज खात्यातून लाईनमन म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी लगेच स्वतःच्या घरची बॅटरी सोडवली, एका बाजूनं त्यांनी धरली, एका बाजूनं मी. तापलेल्या गल्लीतून ते ओझं कसं आणलं, मला आठवत नाही. मशीन पुन्हा घरघरलं तेव्हा मी उंबऱ्यावरच बसले.

संध्याकाळी लाईट आल्यावर काकांनी माझी वही मागितली. "बाई, आधी बॅटरी न्हाई मोजायची. आधी मशीन किती खातंय ते मोजायचं." मशीनचे साडेतीनशे वॅट, वर पंखा, एक बल्ब, इन्व्हर्टर स्वतः खातो ते. "पाचशे धर. आता सांग, किती तास पायजे?"

हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी आठ म्हणाले, आणि म्हणतानाच नववा तास डोळ्यासमोर उभा राहिला.

"एका बॅटरीत कागदावर अठराशे वॅट-तास. त्यातले निम्मेच आपले समजायचे, रोज तळ गाठला तर बॅटरी लवकर मरते. वर हे ऊन. चार घे. सात तास खात्रीचे. पुढच्यासाठी ऑक्सिजनचा सिलिंडर भरून ठेव."

चार बॅटऱ्या आल्या, त्यांना चालणारा मोठा इन्व्हर्टर आला. काका म्हणाले, "मेन बंद करून बघितल्याबिगर माझा इस्वास न्हाई." रविवारी सकाळी सिलिंडर खाटेजवळ ठेवला. मेन स्विचवर हात ठेवला आणि तो खाली येईना.

बाबा खाटेवरून म्हणाले, "टाक खाली, माय. मी हाय की."

मी टाकला. दिवसभर घड्याळ आणि बाबांचे ओठ, दुसरं काही पाहिलं नाही. सात तास मशीन चाललं. त्या मे महिन्यात वळवाच्या वाऱ्यानं खांब पडले, सकाळी गेलेली लाईट दिवस कलल्यावर आली, तेव्हाही चाललं. तरी शाळेत फळ्यावर लिहिताना वर्गातला पंखा थांबला की माझा खडू थांबायचा.

बाबा आणखी दोन वर्षं होते. एका सकाळी चहा पिऊन आडवे झाले ते उठलेच नाहीत. लाईट होती, मशीन चालू होतं. मी शेजारीच वह्या तपासत बसले होते, आणि त्या दिवशी मला भ्यायचं सुचलंच नव्हतं.