पापणीची लोकर

लोकरमामी डोळे मिटून विणत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईंना डुलकी लागली आहे आणि हात आपले सवयीनं चालले आहेत. मी दबकत गेले आणि पंखा कमी केला. डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "पंखा वाढीव गे. मी झोंपलें नाहीं, मोजितें आहें."

अड्यारच्या त्यांच्या घरातली मागची खोली मी भाड्यानं घेतली होती. मी नांदेडजवळच्या एका गावातली. वडील टेम्पो चालवतात, आणि कॉलेजची पायरी चढलेली घरातली पहिली मीच. चेन्नईत होस्टेल मिळालं नाही, तेव्हा कुणीतरी सांगितलं की एक मराठी बाई खोली देतात. भाषा मराठीच होती, पण मामींचे पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचे. त्यांच्या बोलण्यातली रूपं मी शाळेतल्या जुन्या कवितांतच वाचली होती, आणि मधेच 'सरि' आणि 'पोदुम' यायचं. सरि म्हणजे बरं, आणि पोदुम म्हणजे पुरे. हा शब्द मी ताटावर हात आडवा धरून शिकले. शेजारचे सगळे त्यांना मामी म्हणत. लोकरमामी हे नाव मी माझ्या मनात ठेवलेलं.

या गावात शाली कोण घेतं, असं मी भीत भीत विचारलं होतं. "बाहेर ऊन असतें, आंत थंडी विकत घेतात," त्या म्हणाल्या. डिसेंबरात गाण्याच्या कचेऱ्या, म्हणजे मैफली, सुरू झाल्या तेव्हा मला ते कळलं. सभागृहात एसी असा लावलेला की पुढच्या रांगेतल्या बायका कांजीवरमवर शाली ओढून बसतात. मग जसं साडीकडे पाहतात, तसं एकमेकींच्या शालीकडेही पाहतात. त्यातल्या सर्वांत देखण्या शाली मामींच्या हातच्या असत. हे त्या बायकांना माहीत नव्हतं, आणि मला सांगायचं आहे ते त्याबद्दलच.

मामी एका शालीत चार-पाच तऱ्हेची लोकर घालत. फितीसारखी चपटी, गाठीगाठींची, कुठे जाड कुठे बारीक होत जाणारी, जरीची. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे पापणीची लोकर. हे नाव मामींचंच. एका दोऱ्याला बाजूनं लांब केस फुटलेले असतात, विणलं की पिसासारखं दिसतं. ते केस टाके झाकून टाकतात. डोळ्यांना वाटतं इथे टाका आहे, तिथे नुसता केस असतो. म्हणून मामी प्रत्येक ओळीनंतर डोळे मिटून सुईवरून अंगठा फिरवत आणि टाके मोजत. "डोळा लबाड," त्या म्हणत. "बोट खोटें सांगत नाहीं." आणि ही लोकर चुकली तर उसवता येत नाही, केसांत केस अडकून गुंता होतो. चुकायचंच नाही, एवढा एकच उपाय.

शाली विकायची त्यांची धाकटी जाऊ, शांता. टी. नगरात साड्यांच्या दुकानांच्या गल्लीत तिचं छोटं, चकचकीत दुकान. पैसे ती वेळेवर द्यायची, त्याची तक्रार कधीच नव्हती. पण सुरुवातीला ठरलं होतं की प्रत्येक शालीला मामींच्या नावाचं लेबल लागेल. लेबल लागलं ते शांताच्या नावाचं. मामींनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "अक्का, नांव कोण वाचतें? माल चालला पाहिजे की."

मग एका मासिकात शांताचा फोटो आला, मांडीवर शाल, हातात सुया, खाली लिहिलेलं की हे सगळं त्या स्वतःच्या हातांनी विणतात. मामींनी तो फोटो कापून लोकरीच्या टोपलीवर भिंतीला चिकटवला. मी आले तेव्हा तो पिवळा पडला होता. "बघ, सुया कशा धरल्या आहेत," त्या मला दाखवत. "चिमट्यानें पापड भाजावा तशा."

मी एकदा म्हटलं, मामी, तुम्ही विणणं बंद का नाही केलंत? त्यांनी ओळ पुरी केली, अंगठा फिरवला, मोजलं, आणि मग उत्तर दिलं. "थांबलें असतें तर ती दुसरी कोणी शोधती, नाहीं तर स्वतः शिकती. मी थांबलें नाहीं. म्हणून अकरा वर्षें ती शिकली नाहीं." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. भात किती शिट्ट्यांना होतो हे सांगावं तसं सांगितलं. त्या दिवसापासून मला त्यांची थोडी भीती वाटू लागली, आणि खरं सांगायचं तर ओढही.

दुकानात शालींची पिशवी पोचवायला मीच बसनं जायची. एकदा तिथे एक गिऱ्हाईक बाई शाल गालाला लावून विचारत होत्या, कुणी विणली? शांता म्हणाली, "मीच." मला राहवलं नाही. मी मराठीत म्हणाले, "मामींनी विणलीय ना ती." शांता हसली आणि त्या बाईंना तमिळमध्ये काहीतरी म्हणाली, मग माझ्यासाठी मराठीतही म्हणाली, "खेड्यांतली पोर आहे. तिला काय कळतें? पिशवी ठेव आणि जा." परतीच्या बसमध्ये मी उभी होते, आणि बोलायला हवं होतं ते सगळं मला तेव्हा सुचत होतं. घरी येऊन मामींना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "तूं माझें नांव घेतलेंस?" मी हो म्हटलं. त्यांनी ताटात तूप वाढलं, आणि मी पोदुम म्हणेपर्यंत थांबल्या नाहीत.

गेल्या डिसेंबरच्या आधी शांता अड्यारला आली. एग्मोरच्या एका हॉलमध्ये बायकांच्या मंडळानं तिचं विणण्याचं प्रात्यक्षिक ठेवलं होतं, पुढच्या रांगेतल्या त्याच बायका येणार होत्या. तिला नाही म्हणता आलं नव्हतं. "अक्का, पंधरा दिवसांत शिकवा. फक्त एक स्कार्फ. मान राहील माझा."

"शिकवितें की," मामी म्हणाल्या.

आणि खरोखर शिकवलं. रोज सकाळी, न चिडता, साध्या लोकरीवर. टाके घालणं, सुलटं, उलटं, दोन दोरे एकत्र धरणं. शांताची बोटं हुशार होती, आठवड्यात हात बसला. पापणीच्या लोकरीचा गोळा मामींनी तिला शेवटच्या दिवशी बांधून दिला. "ही तिथेंच उघड. लोकांपुढें छान दिसते," म्हणाल्या.

जाताना शांतानं मला जिन्यात गाठलं. ती घाबरलेली होती. पहिल्यांदाच माझ्याशी नीट, लाडानं 'कन्ना' म्हणत बोलत होती. "तूं रोज बघतेस ना, कन्ना. अक्का मधेच डोळे कशाला मिटतात? त्यांत कांहीं आहे काय?"

मला माहीत होतं. मी सांगितलं असतं तर ती घरी जाऊन एका रात्रीत सराव करू शकली असती. मी जिन्याच्या कठड्याकडे पाहत म्हणाले, "काही नाही. म्हातारपणाची सवय आहे त्यांची." आयुष्यात मी फार कमी खोटं बोलले आहे, आणि इतकं सहज तर कधीच नाही.

हॉलमध्ये मामी आणि मी तिसऱ्या रांगेत बसलो. शांतानं चाळीस टाके घातले, पहिल्या ओळी झरझर गेल्या, बायका कौतुकानं पुढे झुकल्या. मग पिसं दाट होत गेली. ती डोळे बारीक करून सुईकडे पाहू लागली. कड एका बाजूला रुंद होत गेली, मधे एक भोक पडलं. कुणीतरी विचारलं, "एन्न आच्चु, शांता?" काय झालं? शांता हसली, सुई काढली आणि उसवायला लागली. दोरा दोन बोटं आला आणि अडकला. तिनं ओढला, गाठ घट्ट झाली. तिनं आणखी ओढला.

तेव्हा मामी बोलल्या. आवाज न चढवता, स्वयंपाकघरातून सांगावं तसं. "उसवूं नको गे, शांता. ती लोकर उसवत नाहीं."

सगळ्या माना मागे वळल्या. मामींनी पिशवीतून स्वतःचा अर्धा स्कार्फ काढला, त्याच रंगाचा, त्याच लोकरीचा, आणि डोळे मिटून विणायला लागल्या.  पुढच्या रांगेतल्या एक बाई स्वतःच्या खांद्यावरची शाल हातात घेऊन तिचं लेबल वाचू लागल्या. मी त्यांच्याकडे पाहत राहिले. मला लाज वाटायला हवी होती. मला फार बरं वाटत होतं.

दोन दिवसांनी शांता घरी आली आणि रडली. मामींनी तिला कॉफी दिली, जेवायला बसवलं, पाठीवरून हात फिरवला. पण दुकानासाठी पुन्हा एक टाका घातला नाही. भिंतीवरचा फोटोही काढला नाही. शांता त्याच्याच खाली बसून जेवली.

मला वाटलं होतं, आता मामी स्वतःच्या नावानं विणतील. त्या बायकांचे फोनही आले. पण पोंगल झाला आणि त्यांची बोटं सकाळी आखडू लागली, मग दुपारीही. डॉक्टरांनी सुया बंद करायला सांगितल्या. अकरा वर्षं त्यांनी वाट पाहिली होती, आणि ती त्या बोटांनीच पाहिली होती.  एका दुपारी त्यांनी माझा अंगठा धरून सुईवरून फिरवला आणि म्हणाल्या, "डोळे मीट. आतां मोज." तेव्हापासून रोज कॉलेजातून आल्यावर मी विणत आणि मोजत होते. उन्हाळ्यात त्यांची लेक त्यांना बंगळुरूला घेऊन गेली. खोली आणि टोपली माझ्याकडे राहिली. फोटो मामी घेऊन गेल्या.

गेल्या महिन्यात शांता जिना चढून माझ्या खोलीपर्यंत आली. माझ्या मांडीवर अर्धी शाल होती. तिनं ती पाहिली, आणि मला पिशवी ठेवून जा म्हणणारी ती बाई खाली चटईवर बसली. "त्या डोळे मिटण्यांत कांहीं तरी होतें," ती म्हणाली. "आतां तरी सांग."

"म्हातारपणाची सवय होती त्यांची," मी म्हणाले. तिला कळलं की मी खोटं बोलतेय, आणि तिला कळलंय हे मला कळलं. मी तिला कॉफी विचारली. ती नको म्हणाली.

मी बंगळुरूला फोन लावला. मामींनी सगळं ऐकून घेतलं. ती कुठे बसली होती, खुर्चीवर की खाली, हे दोनदा विचारलं. 

"सरि," मग म्हणाल्या. "तुझ्या नांवाचें लेबल शिवलेंस?"

"शाल अजून अर्धीच आहे, मामी."

"लेबल आधीं शिव गे," त्या म्हणाल्या. "विणायचें मागून."