बंड्या चढावर का थांबतो?

मित्रांनो, मी या ग्रुपवर फारसं लिहीत नाही. माझा मोठा भाऊ, दादा, मागच्या महिन्यात गेला. तेव्हापासून त्याचा कुत्रा बंड्या फिरायला निघतच नव्हता. म्हणून आज सकाळी त्याला गाडीत घालून म्हैसमाळला नेलं. दादा दर रविवारी न्यायचा.

पायवाटेवर उतरवलं, तर तिथंही बसून राहिला. शेळ्या चारणाऱ्या एका मावशींनी त्याला ओळखलं आणि त्या हसल्या. "पट्टा हातात धरून हलायचा नाय हा, लई शाना हाये. तुमच्या कमरंला बांधा. ह्याचे साहेब तसंच करायचे."

बांधला. बंड्या उठला आणि मला ओढत चढायला लागला. पण थोडं चढलं की थांबून मागं बघायचा. मी तर थकलोही नव्हतो.

"असं का करतो हा?" सोबत चालणाऱ्या मावशींना मी विचारलं.

"साहेबाला दम लागायचा ना! घरी ठावं नव्हतं व्हय?"

नव्हतं. एवढा चढतो म्हणजे दादा ठणठणीत आहे, असंच आम्ही समजत होतो.

म्हैसमाळ, खुलताबादकडं कुत्र्याला नेता येईल अशा अजून वाटा कुणाला माहीत आहेत का? दादा आणखी कुठं जायचा, ते आम्ही कधी विचारलं नाही. बंड्या कुठं कुठं थांबतो, ते मला बघायचंय.